पाकग्रंथाची घरगुती प्रत : भावमूल्य आणि वाङ्मयसमीक्षा

१

वाङ्मयसमीक्षेच्या व्यवहारात 'भावमूल्य' ह्या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. 'हा ग्रंथ माझ्या वडिलांचा, म्हणून मला तो मोलाचा वाटतो', असे कोणी म्हटले, तर ते विधान ग्रंथाविषयीचे नसून बोलणाऱ्याविषयीचे आहे असे आपण समजतो आणि पुढे जातो. सामान्यतः हे योग्यच होय. आय. ए. रिचर्ड्‌स ह्यांनी 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' ह्या १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काव्यवाचनातील ज्या अडचणींची गणना केली, तीत वाचकाच्या खाजगी स्मृतींनी केलेली अप्रस्तुत लुडबूड ही एक स्वतंत्र अडचण म्हणून नोंदलेली आहे. पुढे १९४९ साली विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली ह्यांनी, कृती आणि तिचा वाचकावर होणारा परिणाम ह्यांची गल्लत करणे हा तर्कदोष होय, असे प्रतिपादिले. मराठीत मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानेही लक्ष वळविले ते कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेकडे. वाचकाच्या घरातील आठवणींना त्या विचारात स्थान असण्याचे कारण नव्हते.

हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्या ग्रंथाचा वाचक केवळ वाचक नसतो, ज्याचे वाचन कृतीवाचून पुरेच होत नाही, आणि ती कृती ज्या घरात घडते त्या घराच्या खुणा ज्याच्या पानांवर उमटल्यावाचून राहत नाहीत, अशा ग्रंथाला हा निकष जसाच्या तसा लावता येईल काय? पाकग्रंथ हा असा ग्रंथ आहे. जुन्या ग्रंथांविषयी वाटणाऱ्या जिव्हाळ्याचा विचार करावयाचा तर पाकग्रंथाच्या घरगुती प्रतीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही; कारण येथे जिव्हाळा आणि उपयोग, स्मृती आणि पुरावा ही एकाच पानावर, बहुधा एकाच डागात, एकत्र आलेली असतात. प्रस्तुत लेखात असे एक उदाहरण जवळून पाहावयाचे आहे. ते लेखकाच्या स्वतःच्या घरचे असल्यामुळे पक्षपाताचा धोका उघड आहे. परंतु तो धोका नेमका कोठे असतो हेही त्या उदाहरणावरूनच दिसून येईल.

२

मराठीतील मुद्रित पाकग्रंथांची परंपरा दीड शतकाची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. ह्या परंपरेच्या आरंभी एका पुरुषाचे नाव आहे ह्यात नवल नाही. स्वयंपाक करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना त्या काळी अक्षरओळख नव्हती. ज्यांना ती विद्या हस्तगत होती त्यांना पुस्तकाची गरज नव्हती, आणि ज्यांच्यापाशी पुस्तक होते त्यांना चुलीशी बसावयाचे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभकाळी लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचा 'गृहिणीमित्र' प्रसिद्ध झाला, आणि लिहिणारी व रांधणारी ह्या दोन व्यक्ती एका ठिकाणी आल्या. १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले, तेव्हा वाचणारी व रांधणारी ह्याही एकच झालेल्या होत्या. ह्या पुस्तकाच्या असंख्य प्रती खपल्या, आणि लग्नात मुलीला देण्याच्या वस्तूंत भांड्यांच्या जोडीने त्याला जागा मिळाली.

ह्या यशाचे एक कारण सर्वपरिचित आहे. ओगले ह्यांनी वाटी आणि चमचा हे माप स्वीकारले. त्याचे महत्त्व कळावयाचे तर त्या आधीच्या काही वर्षांकडे पाहावे लागते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ साली दशमान नाणी आली आणि १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात येऊ लागली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्यामुळे पावशेर, नवटाक ह्यांचे ग्रॅममधील रूपांतर कधीही पुरते जमत नसे. धान्य मोजण्याची चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे तर आकारमानाची. सासूच्या तोंडी मापटे, दुकानदाराच्या तागडीत किलो आणि जुन्या पुस्तकात शेर, अशा तिहेरी पेचात सापडलेल्या नव्या गृहिणीला वाटीने सोडविले. वाटी हे माप प्रमाण सांगते, परिमाण सांगत नाही. कोणतीही वाटी घ्या, सर्व जिन्नस तिनेच मोजा, म्हणजे त्यांचे परस्परांशी असलेले नाते कायम राहील, हा त्यामागील विचार. शाळेतील गणितात ज्याला आपण गुणोत्तर म्हणतो, त्याचे हे स्वयंपाकघरातील रूप होय.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी पाककृतीची रूढ भाषा विध्यर्थाची आहे. तांदूळ भिजवावे, डाळ भाजावी, पीठ मळावे. ह्या वाक्यांत कर्म आहे, क्रियापद त्या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, परंतु कर्ता नाही. तो व्याकरणाने मना केलेला नाही. तो सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही, इतकेच. इंग्रजी पाककृती आज्ञार्थात बोलते आणि आज्ञा नेहमी समोरच्या कोणाला तरी केलेली असते. तेथील 'रेसिपी' हा शब्दच मुळात 'घे' अशा अर्थाचे लॅटिन आज्ञार्थी रूप आहे. मराठी विध्यर्थ कोणालाच उद्देशून नसतो. असे करणे विहित आहे, एवढेच तो म्हणतो. म्हणूनच त्याला धर्मशास्त्राच्या भाषेची किंचित छटा असते.

तिसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. ही विहित भाषा ऐन मोक्याच्या जागी आपले अपुरेपण कबूल करते. 'बेताचे पाणी', 'मंद आंच', 'गुलाबी होईपर्यंत', 'चवीपुरते मीठ' ह्या शब्दप्रयोगांपुढे मापन संपते व इंद्रिये सुरू होतात. पंडित भातखंडे ह्यांच्या स्वरलिपीत बंदिश उतरविता येते. परंतु केवळ स्वरलिपी पाहून गाणाऱ्याचे गाणे कसे होते हे जाणकारांना ठाऊक आहे. पाककृतीचेही तेच. ती संहिता आहे, प्रयोग नव्हे. संहितेतील रिकाम्या जागा प्रयोगातच भरल्या जातात, आणि त्या प्रत्येक घरात वेगळ्या रीतीने भरल्या जातात.

३

ह्या रिकाम्या जागा भरल्याचा लेखी पुरावा ज्या ठिकाणी राहतो ते ठिकाण म्हणजे प्रतीचा समास.

लेखकाच्या मातोश्रींची 'रुचिरा'ची प्रत आज लेखकापाशी आहे. तिची बांधणी दोनदा शिवलेली आहे, कागद पिवळा पडून कडांना तुटू लागला आहे, आणि काही पाने तेलाने इतकी पारदर्शक झाली आहेत की मागील पृष्ठावरील अक्षरे पुढील पृष्ठावर उमटून दिसतात. ग्रंथाची कोणती पाने वापरात होती हे सांगण्यास ह्याहून अन्य पुरावा नको. काही पदार्थांची पाने छापखान्यातून आली तशी कोरी आहेत; ते पदार्थ आमच्या घरी कधी झालेच नाहीत. भाजणी, पुरण, लोणची ह्यांच्या पानांवर मात्र अक्षरे शोधून वाचावी लागतात. हळदीचे डाग उजेडात विटतात. त्यामुळे जी पाने ओट्यावर उघडी राहिली त्यांवरील डाग फिके झाले आहेत आणि जी मिटलेली राहिली त्यांवरील अजून ठसठशीत आहेत.

समासातील टिपा तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार दुरुस्तीचा: 'गूळ कमी', 'पाणी आणखी अर्धी वाटी'. दुसरा स्थानिकीकरणाचा. त्यातील एक टीप अशी: 'वाटी म्हणजे पितळी, स्टीलची नव्हे.' ही टीप सैद्धांतिक दृष्ट्या मोठी मौजेची आहे. कोणत्याही वाटीने भागावे म्हणून ग्रंथकर्त्रीने जे माप स्वीकारले, त्याला वाचणारणीने पुन्हा एका विशिष्ट वाटीशी बांधून टाकले. सार्वत्रिक संहितेचे घरगुती संहितेत रूपांतर कसे होते ह्याचा इतका नेमका दाखला विरळा. ती पितळी वाटी आता नाही. म्हणजे मापाचा पाया गेला, मापाची नोंद राहिली.

तिसरा प्रकार घटनांचा, आणि येथे व्याकरण बदलते. छापील मजकूर विध्यर्थात आहे, समासातील नोंदी भूतकाळात आहेत. 'पुरले नाही.' 'जमले.' 'चौघांना उरून सकाळी झाले.' कसे करावे हे ग्रंथ सांगतो, काय झाले हे समास सांगतो. विधी आणि वृत्तांत ह्यांचा हा संवाद पानापानांवर चालू आहे, आणि आमची प्रत इतर हजारो प्रतींहून वेगळी होते ती ह्या संवादामुळे. ती आमच्या घरची आहे हे वेगळेपणाचे कारण नव्हे.

आता ज्या एका नोंदीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. अनारशांच्या पाककृतीशेजारी निळ्या शाईत लिहिलेले आहे: 'अधिक श्रावण १९८५. हसले.' त्याखाली वेगळ्या वेळी, पेन्सिलीने: 'गूळ बेताने. शेजारचे पीठ.'

मातोश्रींच्या निधनानंतर ही प्रत हाती आली तेव्हा प्रस्तुत लेखकाने ही नोंद वाचली आणि तिच्यावर फार जीव जडविला. १९८५ साली अधिक श्रावण आला होता. त्याच वर्षी थोरल्या बहिणीचे लग्न झाले होते. म्हणजे जावयाला अनारशांचे वाण देण्याचा तो पहिलाच अधिक मास. घर भरलेले असणार, कोणी काही बोलले असणार, आणि सगळे हसले असणार. आपल्या आईने पाककृतीच्या समासात एका आनंदाच्या क्षणाची नोंद करून ठेवली, ही कल्पना इतकी गोड होती की दोन-तीन स्नेह्यांना ती प्रत मुद्दाम दाखविण्यात आली आणि त्यांचेही डोळे पाणावले.

पुढे काही महिन्यांनी ते पान ताईला दाखविले. तिने ते वाचले आणि ती म्हणाली, "अरे, माणसं नाहीत हसली. अनारसे हसले."

ज्यांना हा शब्दप्रयोग ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवावे लागतात. मग ते निथळून ओलसर असतानाच कुटावयाचे, गुळात मळून काही दिवस मुरवावयाचे, आणि खसखशीवर थापून तुपात सोडावयाचे. गूळ अधिक झाला तर अनारसा तुपात पडताच फुटून विरघळतो व तळाशी चुरा उरतो. ह्यालाच 'अनारसा हसला' असे म्हणतात. हे हसणे म्हणजे करणारणीची फजिती. तेहतीस अनारसे वाणात द्यावयाचे होते. आदल्या रात्री घाणामागून घाण हसत गेला. नव्या पिठाला आठवडा लागणार, आणि वाण तर सकाळी जावयाचे. ताईच्या सांगण्याप्रमाणे आई रात्री दहा वाजता शेजारच्या काकूंच्या दारी गेली, त्यांनी आपले मुरलेले पीठ दिले, आणि पहाटेपर्यंत तेहतीस पुरे झाले. ताईच्या सासरी ते पोहोचले, वाखाणलेही गेले. ही गोष्ट आईने तिच्या सासरच्या कोणालाही कळू दिली नाही. आम्हां धाकट्यांनाही नाही. कळविले ते फक्त समासाला, आणि तेही तीन-चार शब्दांत.

४

हा प्रसंग सांगण्याचा हेतू आत्मचरित्राचा नव्हे, पद्धतीचा आहे. एकाच शब्दाची दोन वाचने झाली. पहिल्या वाचनात 'हसले' ह्या क्रियापदाचा कर्ता वाचकाने स्वतःच्या इच्छेतून पुरविला. दुसऱ्यात तो त्या शब्दाच्या व्यवहारातून मिळाला. मराठीतील पुल्लिंगी अनेकवचन दोन्ही अर्थांना सारखेच साथ देत असल्यामुळे केवळ व्याकरणाने निर्णय होत नव्हता. परंतु पहिल्या वाचनाने खालची पेन्सिलीची नोंद अस्पष्टच ठेवली होती. 'गूळ बेताने' का, आणि 'शेजारचे पीठ' कशाला, ह्या प्रश्नांना त्या वाचनात उत्तर नव्हते, आणि प्रश्नच विचारले गेले नव्हते. दुसऱ्या वाचनाने तिन्ही नोंदी एका अन्वयात आल्या. हस्तलिखितांच्या अभ्यासात आपण अधिक ग्राह्य पाठ ठरविण्यासाठी जे निकष लावतो, त्यांपैकीच हा एक: ज्या अर्थाने अधिक अवयवांची संगती लागते तो बलवत्तर.

रिचर्ड्‌सचा इशारा येथे पुरेपूर खरा ठरला, हे मान्य केले पाहिजे. खाजगी स्मृतीने, खरे म्हणजे स्मृतीच्या नावाखाली वावरणाऱ्या इच्छेने, अर्थ झाकला. परंतु तो उघडला कशाने? तोही स्मृतीनेच; ताईच्या स्मृतीने, जिच्यामागे त्या कलेचे ज्ञान उभे होते. तेव्हा स्मृती अप्रस्तुत असते असे सरसकट म्हणता येणार नाही. प्रस्तुत स्मृती आणि अप्रस्तुत स्मृती असा भेद करावा लागेल, आणि तो भेद ज्ञानाच्या कसोटीवर करावा लागेल. भाववशता व भावमूल्य ह्यांतील अंतरही ह्याच ठिकाणी आहे. भाववशतेला पुस्तक उघडावेही लागत नाही. ते आपले आहे एवढे तिला पुरे होते. भावमूल्य मात्र वाचनाने वाढते, आणि प्रसंगी वाचनाने दुरुस्त होते. 'हसले'चा खरा अर्थ कळल्यावर त्या पानाचे मोल कमी झाले नाही. आनंदाच्या नोंदीवर बसलेला जीव एका रात्रीच्या घालमेलीवर आणि ती कोणाला न सांगण्याच्या निग्रहावर जाऊन बसला. आणि ह्या वेळी तो काल्पनिक आईवर नव्हे, खऱ्या आईवर बसला.

जुन्या ग्रंथांविषयीच्या जिव्हाळ्याची मीमांसा पाश्चात्त्य वाङ्मयात पुष्कळ झालेली आहे. चार्ल्‌स लॅम ह्यांनी १८२० साली लिहिलेल्या एका निबंधात, कोलरिज उसने नेलेले ग्रंथ समासात टिपणे लिहून परत करतो व त्यामुळे त्यांचे मोल वाढते, असे मोठ्या खेळकरपणे म्हटले आहे. वॉल्टर बेंजामिन ह्यांनी आपले ग्रंथ पेट्यांतून काढताना सुचलेल्या विचारांवर १९३१ साली जो निबंध लिहिला, त्यात संग्राहकाच्या पश्चात संग्रहाचा अर्थच हरपतो, सार्वजनिक संग्रह कितीही उपयुक्त असला तरी वस्तूला न्याय मिळतो तो खाजगी संग्रहातच, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन्ही ठिकाणी मूल्य आले ते व्यक्तीपासून. परंतु दोघांचे विवेचन ग्रंथांच्या जाणत्या वाचकांपुरते आहे. कोलरिजची टिपणे जपली जातात कारण ती कोलरिजची असतात. जिला स्वतःला लेखिका म्हणवून घेण्याचे कधी स्वप्नातही आले नसेल, तिच्या समासाचे काय करावयाचे?

ह्या प्रश्नाला एक उत्तर दुसऱ्या महायुद्धातून आले आहे. टेरेझिनच्या नाझी छावणीत उपासमारीत दिवस काढणाऱ्या काही ज्यू स्त्रियांनी आपल्या घरच्या पाककृती आठवून आठवून कागदांवर लिहिल्या. त्यांपैकी मिना पेख्टर १९४४ साली तेथेच मरण पावल्या. ते कागद मुलीकडे पोहोचवावे म्हणून त्यांनी ते एका स्नेह्याच्या स्वाधीन केले होते, आणि सुमारे पाव शतकानंतर ते न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या त्या मुलीच्या हाती पडले. १९९६ साली त्यांचे इंग्रजी रूपांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या पाककृतींत काही ठिकाणी जिन्नस वगळले गेले आहेत, काही कृती अपुऱ्या आहेत. स्वयंपाकाचे पुस्तक म्हणून ते सदोष ठरेल. परंतु ज्या ठिकाणी चूल नव्हती, शिधा नव्हता, त्या ठिकाणी 'इतकी अंडी घ्यावी' असे लिहिणे ही कोणती क्रिया होती, हे समजून घ्यावयाचे तर त्या दोषांसकटच ते वाचावे लागते. पाककृतीला सांगण्याचे निमित्त लागते आणि तिचा अर्थ त्या निमित्ताशी निगडित असतो, असे सूझन लिओनार्डी ह्यांनी १९८९ सालच्या आपल्या निबंधात दाखविले आहे. टेरेझिनच्या कागदांत निमित्त एवढेच उरले होते.

५

येथवरचे विवेचन जिव्हाळ्याच्या बाजूने झाले. आता त्याच्या मर्यादा पाहिल्या पाहिजेत. अन्यथा हा लेख स्वतःच भाववश होईल.

पहिली मर्यादा सामाजिक आहे. 'घरोघरी जपलेला पाकग्रंथ' असे म्हणताना कोणती घरे डोळ्यांपुढे असतात? अर्जुन अप्पादुराई ह्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, स्वातंत्र्योत्तर भारतातील पाकग्रंथांतून, विशेषतः इंग्रजी पाकग्रंथांतून, शहरी मध्यमवर्ग एक राष्ट्रीय पाकपरंपरा कशी घडवीत होता, हे दाखविले आहे. जे छापले गेले ते 'आपले' ठरले. जे छापले गेले नाही ते कोणाचेच राहिले नाही. मराठीत शाहू पाटोळे ह्यांचा 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हा २०१५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखा आहे. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणाऱ्या ह्या ग्रंथाचे नावच एका सर्वपरिचित वचनाला छेद देते. ज्या घरांत तूप नव्हते त्या घरांत अनारसे हसण्याचा प्रश्न नव्हता, आणि लग्नात मिळालेल्या छापील पुस्तकाच्या समासात लिहिण्याचाही नव्हता. आमच्या प्रतीच्या समासाला मिळणारे महत्त्व तो समास असण्याच्या भाग्यावर आधारलेले आहे, हे विसरता कामा नये.

दुसरी मर्यादा घरातलीच आहे आणि ती सांगणे अधिक अवघड आहे. आमच्या प्रतीतील सर्व टिपा प्रस्तुत लेखकाने उतरवून काढल्या आहेत. त्यांत वडिलांना तिखट सोसत नाही ही नोंद आहे. आजीसाठी उपासाचे वेगळे प्रमाण आहे. ताईच्या डोहाळजेवणाचा बेत आहे. प्रस्तुत लेखकाला सुरळीच्या वड्या आवडत असल्याचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. टिपणकर्त्रीला स्वतःला काय आवडत होते ह्याविषयी एकाही पानावर एक अक्षरही नाही. छापील विध्यर्थात कर्ता नव्हता हे वर पाहिले. समासातील भूतकाळातही तो नाही. पुरले, उरले, जमले, हसले: क्रिया सगळ्या पदार्थांच्या. जिने त्या घडविल्या ती आपल्याच समासातून अनुपस्थित आहे. आम्ही भावंडे ही प्रत जपतो, तेव्हा आईला जपतो अशी आमची समजूत असते. परंतु प्रतीने जे जपले आहे ते आमच्या आवडीनिवडींचे दप्तर होय. तिला कोणता पदार्थ आवडत असे, हे ताईला विचारले. ताई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "कधी विचारलंच नाही रे."

भावमूल्याची टीका ह्याहून तिखट शब्दांत कोणी करू शकेल असे वाटत नाही. तरीही लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही उणीव उघडकीस आली तीही प्रतीच्या सूक्ष्म वाचनानेच. पुस्तक कपाटात कापडात गुंडाळून ठेवले असते तर ती कधीच कळली नसती.

६

ह्या विवेचनातून अभ्यासाच्या दृष्टीने काय निष्पन्न होते?

पहिली गोष्ट, ग्रंथाची आवृत्ती आणि ग्रंथाची प्रत हा भेद मुद्रित वाङ्मयाच्या अभ्यासातही पाळला पाहिजे. हस्तलिखितांच्या बाबतीत तो आपण कसोशीने पाळतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेतील पंडितांनी प्रत्येक पोथीला तिचे स्वतःचे चिन्ह दिले व तिचे साक्षीमूल्य वेगळे तोलले. ग्रंथ मुद्रित झाला की मात्र एक प्रत दुसरीसारखीच, असे आपण गृहीत धरतो. लेखकाने आपल्या संग्रहातील काही पुस्तके एका ग्रंथालयाला देऊ केली, तेव्हा ही प्रतही दाखविली होती. तिच्यासंबंधी मिळालेले उत्तर असे की ह्या ग्रंथाची स्वच्छ प्रत संग्रही आहे. उत्तर नियमाला धरून होते. नियमात 'स्वच्छ' हा गुण होता, आणि समास हा दोष.

दुसरी गोष्ट, ह्या प्रकारच्या सामग्रीकडे पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेला परकी नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा ज्यांना घरोघरी रद्दी म्हणत त्या कागदांनाच त्यांनी साधनांची पदवी दिली. प. कृ. गोडे ह्यांनी जिलबीसारख्या पदार्थाचा इतिहास संस्कृत व अन्य साधनांतून काढून दाखविला, आणि अन्न हा विषय विद्वत्तेला उणेपणा आणणारा नाही हे सिद्ध केले. ह्या दोन दृष्टी एकत्र आणून मराठी घरांतील पाकग्रंथांच्या टिपणयुक्त प्रतींची व हस्तलिखित वह्यांची एक सूची पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येईल. तीत पदार्थांची नावे, जुनी मापे, समासातील क्रियापदे आणि 'हसणे'सारखे कलाविशिष्ट शब्दप्रयोग नोंदले जावेत. हे काम फार लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही. कागद तुटत आहेत, आणि शब्दाचा अर्थ सांगू शकणाऱ्या व्यक्तीही कमी होत आहेत. ताई नसती तर प्रस्तुत लेखकाने एका फजितीला आनंद समजून तो मजकूर पुढील पिढीच्या स्वाधीन केला असता.

तिसरी आणि शेवटची गोष्ट समीक्षेविषयीची. भावमूल्याला समीक्षेच्या दाराबाहेर ठेवण्याचा नियम सामान्यतः हितकारकच आहे. परंतु पाकग्रंथासारख्या वापराच्या वाङ्मयात वाचकाच्या खुणा संहितेच्या कक्षेत येतात. तेथे जिव्हाळ्याला आत घ्यावे लागते, मात्र त्याची झडती घेऊन. आपण जे जपतो ते काय आहे, ते कोणी, कोणासाठी लिहिले आणि त्यात कोणाचा उल्लेख नाही, एवढे प्रश्न विचारल्यावरही जो जिव्हाळा शिल्लक राहील त्याला मूल्य म्हणावयास हरकत नसावी.

आमच्या प्रतीत अनारशांच्या पानावर पेन्सिलीच्या नोंदीखाली थोडी जागा मोकळी होती. ती प्रस्तुत लेखकाने कोरीच ठेवली आहे. 'हसले'चा अर्थ मात्र एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, ताईच्या सांगण्यावरून अशी साक्ष देऊन, ती चिठ्ठी त्या पानात घातली आहे.